काचेआडचं जातं



गेल्या उन्हाळ्यात आई इकडे आली होती. एका शनिवारी आम्ही घराजवळच्या एका लहानशा संग्रहालयात गेलो. तिथे काचेच्या कपाटात एक जातं होतं. खाली पाटी: ‘दळण्याचे दगड, पश्चिम भारत.’ आई बराच वेळ त्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "अगं, याला खुंटाच नाही. फिरवणार कसं?" मी तिथल्या कर्मचाऱ्याला ते सांगितलं. तो सौजन्याने हसला आणि माहितीपत्रक माझ्या हातात दिलं. आईला जे ठाऊक होतं, ते टिपून घ्यायची सोयच तिथे नव्हती.

माझा पेशा संशोधनाचा. जाणकार समोर उभा असताना त्याला न विचारता नमुन्यावर चिठ्ठी डकवणं आमच्या प्रयोगशाळेत खपणार नाही. संग्रहालयांत मात्र ते पिढ्यान्‌पिढ्या खपलं.

हे बदलू शकतं. मँचेस्टर म्युझियमने ब्रिटिश म्युझियमच्या सहकार्याने फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आशियाचं कायमस्वरूपी दालन उघडलं. त्यात काय मांडायचं आणि कसं सांगायचं, हे ३० जणांच्या एका गटाने म्युझियमच्या तज्ज्ञांबरोबर बसून ठरवलं. त्यात शिक्षक, कलावंत, पत्रकार, विद्यार्थी असे लोक होते. त्याच वर्षी या म्युझियमने ऑस्ट्रेलियातल्या अनिंदिल्याक्वा लोकांच्या १७४ वस्तू त्यांना परत केल्या. २०२५ मध्ये त्याला युरोपातल्या सर्वोत्तम संग्रहालयाचा पुरस्कारही मिळाला.

इथवर आपलं सगळ्यांचं एकमत होईल. पुढचं जरा अवघड आहे. उद्या अशा एखाद्या संग्रहालयाने ‘मराठी समाजा’ला बोलावलं, तर जाणार कोण? आपणच. डॉक्टर, आयटीवाले, प्राध्यापक. सफाईने इंग्रजी बोलणारे, आणि बरेचसे अशा घरांतले जिथे तीन-चार पिढ्या शिक्षण आहे. नेणार काय? पैठणी, नथ, गणपती, ढोल-ताशे. यात खोटं काहीच नाही, पण नमुना एकांगी आहे. आणि एकांगी नमुन्यावरून काढलेला निष्कर्ष कितीही देखणा असला तरी चुकतोच.

माझंच सांगते. त्या दिवशी घरी आल्यावर मी आईला म्हटलं, जात्यावरच्या दोन ओव्या सांग. ती म्हणाली, "मला कुठल्या येणार? आमच्याकडे दळायला बाई यायची. ओव्या तिच्या." तिचं नाव? आईला आठवेना. म्हणजे ज्या आईला कुणी विचारलं नाही म्हणून मी चिडले होते, तिच्याही घरात कुणीतरी न विचारलेलं होतंच.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या, त्या गाणाऱ्या बायकांच्या नावागावासकट. त्यात माहेर आहे, सासुरवास आहे, विठोबा आहे आणि दलित बायकांच्या ओव्यांत बाबासाहेबही आहेत. त्या आवाजाविना काचेआडचं जातं म्हणजे नुसता दगड.

कुणी म्हणेल, घरचं उणंदुणं परक्यांपुढे कशाला? पण साम्राज्याचा इतिहास प्रामाणिकपणे सांगा, असं आपण इंग्रजांना बजावतो. मग तीच फूटपट्टी आपल्याला का नको? लंडनला बाबासाहेब १९२१-२२ मध्ये जिथे राहिले, ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतलं. तिथे त्यांचं स्मारक आहे. आमच्या मंडळाच्या लंडन सहलीत मादाम तुसाँ दरवेळी असतं, हे घर अजून एकदाही आलेलं नाही.

तेव्हा आपल्याला बोलावणं आलं तर एवढंच करूया: जाण्याआधी बघूया, सोबत कोण नाही. त्यांना शोधून नेऊया, आणि खुर्च्या कमी असतील तर आपली देऊया.

खुंट्याबद्दल मी त्या संग्रहालयाला पत्र लिहिलं आहे. दळणाऱ्या बाईबद्दलही लिहिलं आहे. तिच्या नावाची जागा मात्र कोरी सोडावी लागली.