सह्याद्रीचे दप्तर

गोव्यातील खाणींचे लिलाव २०२२ सालापासून सुरू झाले आणि त्यांतून महसूल किती मिळेल, किती हातांना काम लागेल, याची चर्चा स्वाभाविकपणेच होत राहिली. या हिशेबात एक रकाना मात्र कोरा आहे. जमिनीच्या पोटातून केवळ खनिज निघत नाही. या भूमीचा इतिहासही त्याबरोबर उपसला जातो आणि जहाजांत भरून निघून जातो.

हे अलंकारिक बोलणे नव्हे. दगडाचे वय मोजता येते. गोव्याच्या सीमेवरील अनमोड घाटातला पट्टेदार खडक सुमारे ३४० कोटी वर्षांचा ठरला आहे. परंतु खडक जन्मला केव्हा आणि वर आला केव्हा, हे दोन भिन्न प्रश्न होत. दुसऱ्याचे उत्तर ॲपेटाइटसारखी खनिजे देतात. त्यांतील युरेनियमचे अणू आपोआप फुटतात व स्फटिकात सूक्ष्म ओरखडे उमटतात. खडक खोलवर, सुमारे ११० अंश सेल्सिअसहून अधिक उष्णतेत असेल तोवर हे ओरखडे बुजून जातात. वरचा भार झिजून तो पृष्ठभागाजवळ आला व निवला की ते टिकू लागतात. ते मोजले म्हणजे या प्रवासाचा काळ कळतो.

आमच्या मँगनीजने तर याहून जवळची साक्ष दिली आहे. जांभ्याच्या थरांत तयार झालेल्या या खनिजातील पोटॅशियमचे काही अंशी आर्गॉन वायूत रूपांतर होत असते. त्यावरून घाटमाथा आणि किनारपट्टी अशा दोन्हीकडील खनिजांचे वय काढून फ्रेंच व भारतीय संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले की, सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीच सह्याद्रीचा कडा उभा होता आणि त्याच्या पायथ्याची सखल भूमीही अस्तित्वात होती. परशुरामाच्या बाणाची कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगणाऱ्या आम्हां किनारवासीयांना या दुसऱ्या कथेचेही अगत्य वाटावयास हवे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. खाणपट्टा घेणाऱ्या प्रत्येकाने खोदाईबरोबर थरांची सचित्र नोंद करावी, निवडक नमुने सरकारजमा करावेत आणि ते अभ्यासकांना खुले राहावेत, अशी अट करारातच असावी. घाटरस्ते व रेल्वेमार्गांसाठी डोंगर कापतानाही हाच नियम लागू व्हावा.

पोर्तुगीज राजवटीने ही भूमी खाणींच्या पट्ट्यांत वाटली, तेव्हा तिचे दप्तर जपण्याची अपेक्षा त्या सत्तेकडून कोणी केली नव्हती. १९६१ साली ही भूमी मुक्त झाली. आता ती अपेक्षा आम्ही आमच्याच सरकारकडून करीत आहोत.