उक्ता सौदा

आमच्या मोर्शीकडे संत्र्याचा बगीचा व्यापारी उक्ता घेतो. लहान, मोठे, डागी, झाडावर असेल ते सारे एकाच बोलीत. यंदा असा एक उक्ता सौदा मीही केला, आणि तोही फुकटचा!

त्याचे असे झाले. वऱ्हाडी बोलीतले शब्द मी वीस वर्षे चिठ्ठ्यांवर टिपत आलो आहे. ते संगणकात उतरवावेत म्हणून माळ्यावरचा जुना संगणक काढला. साठवणीची जागा जेमतेम १६ जीबी. त्यावर डेबियन ही लिनक्स प्रणाली चढवली. १९९३ सालापासून ती जगभरचे हौशी लोक चालवीत आले आहेत. कोणकोणते गठ्ठे हवेत, असे तिने विचारले. फुकट मिळते तर सोडा कशाला? केल्या सगळ्यांवर खुणा!

'उ'पर्यंत शब्द झाले आणि एका संध्याकाळी जागाच संपली. दिवसभराचे काम गेले. सौ.ने पडद्यावर डोकावून विचारले, "अहो, तुम्ही बुद्धिबळ केव्हापासून खेळता?"

चिरंजीवांनी मग आमची शिकवणी घेतली. म्हणाले, "बाबा, प्रत्येक गठ्ठ्याचे सोबती दोन तऱ्हेचे. काहींवाचून तो चालतच नाही. काहींची नुसती शिफारस असते. पण तुम्ही अडवले नाही, तर शिफारशीचेही आत येतात."

शिफारस म्हटल्यावर आमच्यासारख्या महाविद्यालयीन माणसाच्या कपाळाला आठी पडणारच. दुसऱ्या खेपेला मी एकूणएक शिफारशी नाकारल्या. पेनड्राइव्हवरची चिठ्ठ्यांची फाइल उघडली, तो काय! शब्दांच्या जागी रिकाम्या चौकोनांच्या रांगा. वीस वर्षांचे शब्द गेले म्हणून छातीत धस्स झाले. अक्षरे शाबूत होती. ती दाखवणारा देवनागरी फॉन्ट तेवढा मी दारातून परतवला होता.

तिसऱ्या खेपेला यादी वाचली. कोणकोण येणार आणि किती जागा खाणार, हे संगणक आधी लिहून दाखवतो, मग होकार मागतो. लिबरऑफिसमधले फक्त लिहिण्याचे अंग घेतले. हिशेबाचे तक्ते नि सादरीकरण वगळले. भारतातल्या साऱ्या लिप्यांचा गठ्ठा सोडून देवनागरीचा घेतला. त्यात 'लोहित' नावाचा फॉन्ट आहे. लोहित म्हणजे तांबडा. तो रेड हॅट कंपनीने खुला केला, म्हणून हे नाव. आम्हा मराठीच्या मास्तरांना अशा नावाचे भारी कौतुक!

शब्द आता 'क'वर आले आहेत. सुडोकू मात्र काढता आले नाही. त्याची शिफारस सौ.ची होती.