एकट्याचा खेळ, एकट्याची कथा

व्हिडिओ गेम म्हणजे निव्वळ कालापव्यय, असे आम्ही शिक्षक सरसकट म्हणतो. ते सर्वस्वी खरे नव्हे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीने २०२० साली 'राजी' हा एकट्याने खेळावयाचा खेळ प्रसिद्ध केला. राक्षसांनी पळविलेल्या धाकट्या भावाच्या, गोलूच्या, शोधार्थ राजी निघते. तिची कथा दुर्गा व विष्णू परस्परांशी बोलत सांगतात. चढाओढीच्या खेळात प्रतिस्पर्धी भेटतो. येथे दुसऱ्याचे दुःख भेटते. आजी मला कोंकणीत गोष्ट सांगे, तेव्हा मीही राजपुत्राबरोबर रानोमाळ हिंडत असे. औरादच्या मुलांनो, वेळेचे भान ठेवून अवश्य खेळा. मात्र ती कथा नंतर घरी मराठीत सांगा. सांगता आली नाही, तर वेळ खरोखरच वाया गेला असे समजा.