परवाना की पावती?

१८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या न्यू लंडन गावी शाळेखाली साचलेल्या नैसर्गिक वायूचा स्फोट झाला आणि सुमारे तीनशे विद्यार्थी व शिक्षक प्राणास मुकले. त्याच वर्षी टेक्सासने अभियंत्यांना परवाना सक्तीचा केला. ज्याच्या आराखड्यावर लेकरांचे जीव विसंबून असतात, त्याची पात्रता कोणी तरी तपासलेली असावी, एवढाच त्या कायद्याचा हेतू. महसूल त्याच्या गावीही नव्हता.

तो पुढे शिरला. नव्वदच्या दशकात टेक्सासमधील वकील, डॉक्टर, अभियंते आदी व्यावसायिकांकडून परवाना नूतनीकरणाच्या वेळी दरसाल २०० डॉलर जादा घेतले जात. अभियंता मंडळाचे स्वतःचे शुल्क जेमतेम तीस-चाळीस डॉलर. त्यावर हा पाचपट भार. या २०० डॉलरांपैकी १५० सर्वसाधारण तिजोरीत आणि ५० शालेय निधीत जात. परीक्षा घेणारे, तक्रारी ऐकणारे, परवाने रद्द करणारे जे मंडळ, त्याच्या वाट्याला त्यातला एक डॉलरही येत नसे. पात्र माणसांची नोंदवही म्हणजे खजिनदाराच्या दृष्टीने आयती वसुली-यादी!

१ सप्टेंबर २०१५पासून हा आकार रद्द झाला. तिजोरीचे नुकसान किती? पन्नास हजार अभियंते धरले तरी वर्षाला एक कोटी डॉलर. आकडा मोठा वाटतो खरा, पण त्या राज्याचा वार्षिक खर्च दहा हजार कोटी डॉलरांच्या घरात होता. म्हणजे दहा हजारांत एक डॉलर. मंडळाच्या कामाला तर या घटीची झळ पोहोचण्याचे कारणच नव्हते. जे कधी मिळाले नाही, ते जाणार कोठून?

भारतात शुल्क आणि कर यांतील हा भेद १९५४ सालीच स्पष्ट झाला, आणि तोही एका मठामुळे. मद्रास सरकारने १९५१च्या कायद्यान्वये धर्मसंस्थांच्या उत्पन्नातून पाच टक्क्यांपर्यंत अंशदान घेण्याचे ठरवले. उडुपीच्या शिरूर मठाच्या स्वामींनी त्याला आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, जो पैसा सरकारच्या एकत्रित निधीत मिसळतो आणि ज्याचा दिलेल्या सेवेच्या खर्चाशी मेळ नसतो, ते शुल्क नव्हे, तो कर होय. पुढील निकालांनी ही कसोटी थोडी सैल केली; मोडीत मात्र काढली नाही.

व्यवसायावर कर घेऊच नये, असे कोणी म्हणणार नाही. महाराष्ट्राने १९७५मध्ये व्यवसाय कर लावला तो रोजगार हमी योजनेसाठी. शहरातल्या पगारदाराचा पैसा दुष्काळी भागातील मजुराच्या हाती जावा, हा त्यामागचा स्पष्ट आणि उदात्त विचार होता. सल्लागार अभियंता आजही वर्षाला २,५०० रुपये भरतो, कारण १९८८च्या साठाव्या घटनादुरुस्तीने तेवढीच कमाल मर्यादा घातली. पंधराव्या वित्त आयोगाने ती किमान १८,००० रुपये करण्याची शिफारस केली आहे. सरकारला उत्पन्न हवे असेल तर त्याचा राजमार्ग हा. संसदेत चर्चा करावी, घटनादुरुस्ती करावी, कर म्हणून कर घ्यावा. परवान्याच्या आडून नव्हे.

वकिलांसाठी १९६१चा, वास्तुविशारदांसाठी १९७२चा केंद्रीय कायदा आहे. अभियंत्यांसाठी तसा कायदा आजतागायत झालेला नाही. इमारतीचे नकाशे आणि संरचनेचे दाखले सादर करण्याचा परवाना महापालिकाच देतात आणि त्याचे शुल्कही घेतात. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमध्ये पाच मजली इमारत कोसळून १६ जणांचा बळी गेला. इमारत उभी राहून दहा वर्षेही झाली नव्हती. ज्यांच्यावर गुन्हा नोंदवला गेला त्यांत बांधकाम व्यावसायिकासोबत वास्तुविशारद आणि आरसीसी सल्लागारही होते. अशा वेळी परवाना देणाऱ्या यंत्रणेने आधी काय तपासले होते, हा प्रश्न शुल्काच्या दरापेक्षा कितीतरी मोठा ठरतो.

तेव्हा शुल्क वाढवण्यास हरकत नाही. उलट सध्याच्या शुल्कात खरीखुरी तपासणी होत नसेल, तर ते वाढवावेच. मात्र महापालिकांच्या अंदाजपत्रकात त्याचे स्वतंत्र लेखाशीर्ष हवे. परवाना शुल्कापोटी किती जमा झाले, त्यातून किती संरचना दाखल्यांची फेरतपासणी झाली, किती परवाने निलंबित झाले, हे आकडे दर मार्चअखेर नागरिकांसमोर ठेवले जावेत.