किंमत, खर्च आणि मोल

शाळकरी मुलांना स्वस्त लॅपटॉप देण्याच्या योजनांची चर्चा बहुधा एका आकड्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते; तो आकडा म्हणजे यंत्राची किंमत. मराठीत मात्र या व्यवहारासाठी तीन निरनिराळे शब्द आहेत. दुकानात मोजावी लागते ती किंमत, वस्तू चालती ठेवण्यासाठी वर्षानुवर्षे करावा लागतो तो खर्च, आणि त्या वापरातून शिकणाऱ्याच्या पदरात जे पडते ते मोल. गेल्या पंचवीस वर्षांतले प्रयोग या तीन शब्दांच्या कसोटीवर तपासले, तर किंमत उतरली म्हणून खर्च उतरतोच असे नाही, आणि खर्च केला म्हणून मोल मिळतेच असेही नाही, हे दिसून येते.

हा विषय परदेशातील आपल्या मराठी मंडळाच्या दृष्टीने आज तातडीचा होण्याला एक कारण आहे. विंडोज १० या संगणकप्रणालीला, म्हणजे यंत्राचे सर्व व्यवहार चालवणाऱ्या पायाभूत आज्ञावलीला, मिळणाऱ्या नियमित सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या, आणि नव्या प्रणालीच्या अटींत न बसणारे, पण एरवी धडधाकट असलेले असंख्य लॅपटॉप अडगळीत जाऊ लागले. असे लॅपटॉप अल्प किमतीत किंवा फुकट मिळत असताना ते आपापल्या गावच्या शाळेला पाठवावेत, ही इच्छा सभासदांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु किंमत जेव्हा शून्यावर येते, तेव्हाच उरलेल्या दोन शब्दांचा हिशेब अधिक काटेकोरपणे मांडावा लागतो, कारण फुकटच्या वस्तूचा पुढचा खर्च सहसा कोणी विचारत नाही.

या कल्पनेची मुळे १९७२ पर्यंत मागे जातात. त्या वर्षी अॅलन के या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने मुलांना सहज बाळगता येईल अशा ‘डायनाबुक’ नावाच्या संगणकाचा आराखडा मांडला, तर शिक्षणविचारक सीमोर पॅपर्ट यांनी, मूल स्वतः काहीतरी रचता रचता शिकते आणि संगणक हे त्या रचनेचे उत्तम साहित्य आहे, असा सिद्धान्त विकसित केला. या विचारांचा वारसा सांगत अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबचे सहसंस्थापक निकोलस निग्रोपॉन्टी यांनी २००५ मध्ये ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’, म्हणजे प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप, ही मोहीम जाहीर केली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्युनिसमध्ये भरलेल्या जागतिक माहितीसमाज परिषदेत संयुक्त राष्ट्रांचे तत्कालीन सरचिटणीस कोफी अन्नान यांच्यासमवेत त्या लॅपटॉपचा नमुना जगापुढे ठेवला. हिरव्या रंगाच्या त्या यंत्राला वीज निर्माण करणारा पिवळा दांडा होता आणि त्याची नियोजित किंमत होती १०० डॉलर. प्रत्यक्षात २००७ च्या अखेरीस उत्पादन सुरू झाले तेव्हा दांडा गेला होता आणि किंमत १८८ डॉलरच्या घरात पोचली होती.

तंत्रज्ञान म्हणून ते यंत्र कौतुकास्पदच होते. भर उन्हात वाचता येणारा साडेसात इंची पडदा, पाणी आणि धूळ रोखणारा रबरी कळफलक, पंखा आणि फिरती तबकडी टाळून वाचवलेली वीज, आणि जवळपासच्या यंत्रांनी इंटरनेटशिवाय परस्परांशी जोडले जाण्याची सोय, असे गुण त्या काळच्या महागड्या लॅपटॉपमध्येही एकत्र सापडत नव्हते. मोहिमेची चूक यंत्राच्या रचनेत नव्हती, तर लॅपटॉप एकदा मुलाच्या हाती पडला की शिक्षण आपोआप घडेल या गृहीतकात होती, आणि ते गृहीतक जितक्या मोठ्या प्रमाणावर तपासले गेले तितके ते ठिसूळ ठरले.

सर्वांत मोठी तपासणी पेरू या दक्षिण अमेरिकी देशात झाली. तेथील सरकारने लाखो लॅपटॉप मुख्यतः दुर्गम ग्रामीण शाळांत वाटले, आणि इंटर-अमेरिकन विकास बँकेच्या अभ्यासकांनी ३१९ शाळांमध्ये यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे कोणत्या शाळेला यंत्रे आधी मिळणार हे सोडतीसारख्या निवडीने ठरवून, परिणाम मोजले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात गणित आणि भाषा या दोन्ही विषयांच्या चाचण्यांत फरक आढळला नाही. प्रत्येक लॅपटॉपमध्ये सुमारे २०० पुस्तके भरलेली असूनही मुलांचे वाचन वाढले नव्हते. तर्कशक्तीच्या काही कसोट्यांत मात्र थोडा लाभ दिसला. शाळांमध्ये इंटरनेट जवळजवळ नव्हते आणि शिक्षकांची शिकवण्याची रीत पूर्वीचीच राहिली होती. थोडक्यात, किंमत चुकती झाली होती, पण खर्च अर्ध्यावर सोडला गेला होता.

त्याच यंत्राची दुसरी कहाणी उरुग्वे या लहान देशाची आहे. राष्ट्राध्यक्ष ताबारे वास्केस यांच्या कारकिर्दीत २००७ मध्ये ‘प्लॅन सेइबाल’ ही योजना सुरू झाली आणि २००९ च्या ऑक्टोबरपर्यंत तेथील सरकारी प्राथमिक शाळांतील प्रत्येक विद्यार्थ्याला लॅपटॉप मिळाला. या योजनेचा जमाखर्च विशेष बोलका आहे. देखभाल, दुरुस्ती, शिक्षकांचे प्रशिक्षण आणि इंटरनेट धरून दर मुलामागे सुमारे २६० डॉलर लागले, आणि पुढे योजना चालू ठेवण्यासाठी दर मुलामागे वर्षाला सुमारे २१ डॉलर लागतील, असे गणित सरकारने उघडपणे मांडले. पुढे २०१२ पासून याच जाळ्यावर दूरदृश्य पद्धतीने, दूरचा इंग्रजीचा शिक्षक आणि वर्गातला नेहमीचा शिक्षक अशा जोडीने, इंग्रजीचे पाठ सुरू झाले. केवळ लॅपटॉप दिल्याने तेथेही परीक्षेतील गुणांत मोठी झेप दिसली नाही, हे खरे. परंतु कायमस्वरूपी संस्था, ठरलेला वार्षिक निधी आणि शिक्षकांचा सहभाग यांमुळे ती योजना पहिल्या यंत्रांचे आयुष्य संपल्यावरही टिकून राहिली.

भारताने या मोहिमेपासून अंतर राखले. वर्गखोल्या आणि शिक्षक यांची गरज अधिक निकडीची आहे, अशी भूमिका घेऊन केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये तिला नकार दिला. तरीही २००७ मध्ये रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील खैराट येथील छोट्या शाळेत या लॅपटॉपचा भारतातील पहिला प्रयोग झाला. नंतर भारत सरकारने स्वतःच स्वस्ताईची शर्यत आरंभली आणि ५ ऑक्टोबर २०११ रोजी ‘आकाश’ या टॅब्लेटचे अनावरण केले. त्याची किंमत ५० डॉलरच्या आसपास उतरवण्यात आली होती. पण २५६ मेगाबाइट स्मृती आणि बोटाने जोर देऊन दाबावा लागणारा पडदा यांमुळे ते वापरणे जिकिरीचे ठरले. पुढच्या वर्षी आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने सुधारित आवृत्ती आली, तरी प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती ‘आकाश’ हे स्वप्न साकार झाले नाही. अतिस्वस्त यंत्र जर वापरणाऱ्याचा उत्साहच मारत असेल, तर त्याची किंमत कमी नसून जास्त आहे, असेच म्हणावे लागते.

मोलाचा सर्वांत स्वच्छ हिशेब मात्र वडोदऱ्यात सापडतो. तेथील महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळांना राज्य सरकारने प्रत्येकी चार संगणक दिले होते आणि ते बहुतेक ठिकाणी वापराविना पडून होते. मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने त्याच यंत्रांवर चौथीच्या मुलांसाठी गणिताचे खेळ चालवले. एका संगणकापुढे दोन मुले आणि आठवड्यातून दोन तास, एवढीच ती योजना होती. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो हे अर्थशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या मोजणीत दुसऱ्या वर्षी गणिताच्या गुणांत ०.४७ प्रमाण विचलनाइतकी वाढ आढळली. प्रमाण विचलन म्हणजे मुलांचे गुण सरासरीपासून किती विखुरलेले आहेत हे दाखवणारे माप, आणि शिक्षणाच्या क्षेत्रात त्याच्या जवळजवळ निम्म्याइतकी वाढ ही मोठी समजली जाते. प्रत्येक मुलाच्या नावावर स्वतंत्र यंत्र नसतानाही हे घडले, याचे श्रेय मुलाच्या पातळीनुसार बेतलेल्या अभ्यासाला आणि ठरलेल्या वेळापत्रकाला जाते.

याच अभ्यासाचा दुसरा भाग देणगीदारांनी अधिक बारकाईने वाचण्याजोगा आहे. मुंबई आणि वडोदरा येथे मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळे बसवून मूलभूत वाचन आणि आकडेमोड शिकवण्यासाठी वस्तीतल्याच शिकलेल्या मुली अल्प मानधनावर नेमल्या होत्या. त्यांना ‘बालसखी’ म्हणत. बालसखी असलेल्या शाळांत दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलनाची वाढ झाली, म्हणजे गणितापुरते पाहिले तर संगणकापेक्षा कमी. परंतु संगणकाचा वार्षिक खर्च दर मुलामागे सुमारे १५ डॉलर होता, तर बालसखीचा सव्वादोन डॉलर. दर रुपयामागे मिळणाऱ्या लाभात बालसखी संगणकाच्या कितीतरी पुढे होती. दोन्ही उपक्रम थांबल्यानंतर वर्षभरात त्यांचा लाभ बराच ओसरला, हेही अभ्यासकांनी नोंदवले आहे, आणि म्हणून एकरकमी देणगीपेक्षा सातत्याचे महत्त्व अधिक ठरते.

आता गावच्या शाळेतील खर्चाकडे वळता येईल. जिल्हा परिषदेच्या शाळेला मिळालेली प्रत्येक टिकाऊ वस्तू डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नोंदली जाते, आणि नोंदलेली वस्तू हरवली किंवा मोडली तर जबाब मुख्याध्यापकांना द्यावा लागतो. ती निकामी झाल्यावर तिचे निर्लेखन, म्हणजे रजिस्टरमधून रीतसर वगळणे, ही सोपी गोष्ट नसते. अशा स्थितीत लॅपटॉप मुलांच्या हाती देण्याऐवजी कपाटात कुलूपबंद ठेवणे हा शिक्षकाचा दोष नसून व्यवस्थेने शिकवलेले शहाणपण आहे. त्याखेरीज वीजबिल, फुगलेली बॅटरी, हरवलेला चार्जर, पावसाळ्यातली ओल, जवळ दुरुस्तीचे दुकान नसणे आणि जाणत्या शिक्षकाची बदली, या प्रत्येक बाबीला एक आकडा असतो, आणि देणगीच्या पत्रात तो क्वचितच लिहिलेला असतो. बदलीची बाब तर विशेष, कारण एका उत्साही गुरुजींच्या बळावर चाललेला संगणकवर्ग ते दुसऱ्या तालुक्यात गेल्यावर बंद पडतो.

कायद्याची बाजूही दुर्लक्षून चालणार नाही. भारतात येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला स्वतःसाठीचा एक लॅपटॉप सीमाशुल्काविना नेता येतो. मात्र वापरलेल्या संगणकांची खोकी पाठवायची तर आयातीवर निर्बंध आहेत आणि परवान्याविना तसे करता येत नाही. पैसे पाठवायचे झाल्यास परदेशी देणग्यांचे नियमन करणारा २०१० चा कायदा लागू होतो. भारतीय नागरिकत्व कायम असलेल्या सभासदाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परदेशी देणगी ठरत नाही. मात्र परदेशी नागरिकत्व घेतलेल्या सभासदाची किंवा परदेशात नोंदलेल्या मंडळाची रक्कम तशी ठरते आणि ती या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच स्वीकारता येते. या सर्वांचा विचार करता, जुनी यंत्रे समुद्रापार नेण्यापेक्षा शाळेच्या जिल्ह्यातच नूतनीकृत, म्हणजे दुरुस्त करून हमीसह विकली जाणारी, यंत्रे विकत घेणे अधिक व्यवहार्य आहे; कारण हमी देणारा आणि दुरुस्ती करणारा माणूस मग एका एसटीच्या अंतरावर असतो.

मोल वाढवण्याचा एक मार्ग मंडळाला परदेशात राहूनही पूर्णपणे खुला आहे, तो म्हणजे भाषेचा. यंत्र कितीही स्वस्त असले तरी त्यातील मजकूर इंग्रजीत असेल, तर तिसरीतल्या मुलासाठी ते बंद पुस्तकच राहते. पुस्तकसाठ्याच्या दृष्टीने आजची स्थिती २००७ पेक्षा पुष्कळ चांगली आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तके आणि मराठी विश्वकोश विनामूल्य उपलब्ध आहेत, ‘किविक्स’ या मुक्त आज्ञावलीने मराठी विकिपीडिया इंटरनेटशिवाय वाचता येतो, आणि ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’ या मंचावर कोणालाही भाषांतरित करता येतील अशा मुक्त परवान्याच्या मुलांच्या गोष्टी आहेत. विंडोजला नको असलेल्या जुन्या यंत्रावर लिनक्स ही मुक्त प्रणाली चालते, आणि केरळने आपल्या शाळांमध्ये मुक्त प्रणाली, मलयाळम भाषा आणि शिक्षकांचे प्रशिक्षण यांची सांगड घालून परवाना-शुल्क वाचवले, हा दाखला दूरचा नाही. संगणकक्षेत्रात काम करणाऱ्या सभासदांचे काही शनिवार आणि मराठी शाळेतील शिक्षिकांचे मुद्रितशोधन हे दान कोणत्याही सीमाशुल्काच्या कक्षेत येत नाही.

त्यामुळे यापुढे लॅपटॉपदानाचा प्रस्ताव आला, तर यंत्रांची संख्या ठरवण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी असाव्यात, असे या वार्तापत्राचे मत आहे. पहिली, पाच वर्षांच्या दुरुस्तीची, बॅटरीची आणि विजेची तरतूद, मग त्यासाठी वीसऐवजी आठच यंत्रे द्यावी लागली तरी चालेल. दुसरी, वेळापत्रकात राखून ठेवलेले तास आणि ते सांभाळणारी, बदली न होणारी, गावातलीच मानधनावरची व्यक्ती. आणि पैसा एकाच गोष्टीला पुरत असेल, तर यंत्राआधी ही व्यक्ती. तिसरी, यंत्रे मोडली तर शिक्षकाला जबाबदार धरले जाणार नाही, असा शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, जेणेकरून ती मुलांच्या हाताखाली झिजतील आणि कपाटात कोरी राहणार नाहीत.

देणगी दिल्याच्या दिवशी काढलेले, हारतुऱ्यांचे आणि रंगीत कागदात गुंडाळलेल्या खोक्यांचे छायाचित्र आजवर अशा वार्तापत्रांच्या पहिल्या पानावर छापले जात आले आहे. या वार्तापत्रात यापुढे ते छापले जाणार नाही. त्या जागेवर दोन वर्षांनंतरचा तक्ता येईल : दिलेली यंत्रे किती, त्यांपैकी चालू किती, आठवड्याला वापराचे तास किती, आणि कोणत्या इयत्तेतील किती मुलांना पूर्वी न जमणारा भागाकार आता जमतो. तो तक्ता छापण्याजोगा निघाला, तर किंमत, खर्च आणि मोल हे तीनही शब्द एकाच पानावर आले असे समजता येईल. आणि तो निराशाजनक निघाला तरीही छापला जाईल, कारण पुढच्या देणगीला खरा उपयोग त्याचाच आहे.