संतोषाचा जमाखर्च

‘स्मृतिचित्रे’ वर्गात शिकवायला घेतले की एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, “सर, टिळकांना मिशनचा पगार होता ना?” प्रश्नामागचा संशय जुना आहे. आपल्याकडे धर्मांतराची चर्चा श्रद्धेपर्यंत पोहोचण्याआधीच लोभापाशी थांबते. दुष्काळात मिशनच्या आश्रयाला गेलेल्यांवर ‘पोटासाठी बाटले’ हा शिक्का बसे. वऱ्हाडातील जुन्या पिढ्यांना तो अपरिचित नव्हता. तेव्हा विद्यार्थ्याला दटावण्यापेक्षा उत्तर द्यावे, हे बरे.

नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढे अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी अनेक वर्षे काम केले आणि पगारही घेतला. मात्र १९१७ साली त्यांनी ती नोकरी आणि तो पगार सोडला, ख्रिस्ती संन्यास स्वीकारला आणि ‘देवाचा दरबार’ उभारण्याचा ध्यास घेतला. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. म्हणजे आयुष्याच्या अखेरीस, मिळकतीची सर्वाधिक गरज असताना, त्यांनी ती सोडली. लोभाच्या आरोपाला याहून स्वच्छ उत्तर कोणते असू शकेल?

परंतु एवढ्यावर थांबलो तर आपण टिळकांचे चरित्र वाचले, ‘स्मृतिचित्रे’ वाचलेच नाही, असे म्हणावे लागेल. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथनात लक्ष्मीबाई त्यागाची दुसरी बाजू दाखवतात. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे. कुणाची अडचण दिसली की घरची गरज मागे पडे. उद्याची चूल मात्र लक्ष्मीबाईंना पेटवायची असे. देणाऱ्याचे औदार्य आणि घर चालवणारीची ओढाताण त्या एकाच प्रसंगात दाखवतात. तक्रार करतात, भांडतातही, आणि लगेच स्वतःलाही हसतात.

तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी टिळकांची भूमिका होती. त्या वाटेवर आवलीही उभी आहे, हे आपण विसरतो. तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत सोडल्याची कथा आपण भक्तिभावाने सांगतो, पण त्या दिवशी घरात काय शिजले हे विचारत नाही. आमच्या अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचे गाडगेबाबा १९०५ साली घर सोडून गेले. त्यांच्या धर्मशाळा आपण पाहतो. कुंताबाईंनी मागे संसार कसा रेटला, ते त्यांच्या शब्दांत वाचायला मिळत नाही. लक्ष्मीबाईंनी लिहिले, हे मराठीचे भाग्य.

येथे त्याग आणि संतोष या दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. त्याग एका निर्णयात होऊ शकतो, आणि देण्याचाही एक लोभ असतो, त्यात स्वतःचे मोठेपण सुखावते. संतोष रोज नव्याने मिळवावा लागतो. तुरुंगातून फिलिप्पैकरांना पत्र लिहिणारा पौलही समाधान ही आपण शिकलेली गोष्ट आहे, असेच सांगतो. डोंगरावरच्या प्रवचनात येशू संपत्ती साठवण्याबद्दल बोलता बोलता उद्याच्या चिंतेकडे वळतो. लोभाचे मूळ बहुधा तेथेच असावे. वस्तू सोडल्या तरी उद्याची धास्ती उरतेच. श्रद्धेचे खरे काम या धास्तीवर आहे. टिळकांना ते साधले असेल. पण लक्ष्मीबाईंना ते भांड्याकुंड्यांत, आजारपणांत, पाहुण्यांच्या गर्दीत साधावे लागले. म्हणून त्यांचे हसू मला कोणत्याही उपदेशाहून विश्वसनीय वाटते.

हे लिहिताना स्वतःकडेही पाहावे लागते. वेतन आयोगाची थकबाकी जमा झाली तेव्हा, तुकारामावर व्याख्यान देऊन आलेला मी, संध्याकाळभर शेजारच्या प्राध्यापकाला किती मिळाले याचा हिशेब करीत बसलो होतो. माझे पोट भरलेले होते आणि उद्याचीही सोय होती. तरी मन ताळेबंदातच अडकले होते.

आणि म्हणूनच एक सावधगिरी. संतोषाचा उपदेश नेहमी वरून खाली जातो. ज्याच्या कापसाला भाव नाही आणि डोक्यावर कर्ज आहे, त्या अकोल्याच्या शेतकऱ्याला आमच्यासारख्या पगारदारांनी समाधानाचे धडे देऊ नयेत. त्याचे मागणे हा लोभ नव्हे, हक्क आहे. हा धडा भरल्या ताटावर बसलेल्यांसाठी आहे.

टिळकांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. ज्यांना शाळा मिळाली नव्हती, त्यांनी पतीचे महाकाव्य तडीस नेले. टिळकांनी मागे मालमत्ता ठेवली नाही, अपुरे काम ठेवले. लक्ष्मीबाईंनी तोच वारसा मानला. विद्यार्थ्याच्या पगाराच्या प्रश्नाला माझे उत्तर येथे पूर्ण होते.