गाडी मेली हे ठरवलं कुणी?

बरेच दिवस या विषयावर लिहीन लिहीन म्हणत होतो, पण डोकं शांत व्हायची वाट बघत होतो. रागाच्या भरात लिहिलेलं दुसऱ्या दिवशी आपलं आपल्यालाच वाचवत नाही. आता मामांच्या क्लेमचे पैसे येऊन (म्हणजे बँकेत जाऊन!) काही महिने झाले, तेव्हा लिहूनच टाकतो.

आमचे मामा राहतात पालघरला आणि नोकरी तारापूर एमआयडीसीत, मेंटेनन्सला. मे २०२३ मध्ये त्यांनी १५ लाखांची इलेक्ट्रिक गाडी घेतली. घरात इंजिनियर भाचा, त्यामुळे सल्ला अर्थातच माझा. रोज पालघर-बोईसर जाणं-येणं, रात्री घरी चार्जिंग, पेट्रोल पंपाचं तोंड बघायला नको. मामा खूष, मी त्याहून खूष.

जुलै २०२५ मध्ये हायवेवरून चिल्हार फाट्याला वळून बोईसरकडे येताना पाण्याने भरलेल्या एका खड्ड्यात गाडी दणकन आपटली. तरी चालत घरी आली. दुसऱ्या दिवशी डॅशबोर्डवर लाल दिवा. टो करून सर्व्हिस सेंटरला नेली, तर बॅटरी पॅकच्या तळाला तळहाताएवढा पोचा आणि थोडं कूलंट गळतंय. बॉडीवर साधा ओरखडासुद्धा नाही.

"पॅक उघडून बघितला का?" मी विचारलं.

"सर, पॅक आम्ही उघडत नाही. अख्खाच बदलतो."

एस्टिमेट आलं. पॅक ७ लाख १० हजार, बाकी पाइप, लेबर, टॅक्स धरून ८ लाख १५ हजार. मग सर्व्हेअर आला, फोटो काढले आणि आठवड्याभरात निकाल लागला: टोटल लॉस.

आता यातलं गणित बघा, कारण खरी गोम तिथेच आहे. आपल्याकडे गाडीचा विमा असतो तो आयडीव्ही म्हणजे गाडीच्या जाहीर केलेल्या किमतीचा, आणि ती दरवर्षी उतरते. २००२ च्या मोटर टॅरिफमधला तक्ता असा: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के घसारा, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५०. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. मामांचा आयडीव्ही होता साडेदहा लाख, म्हणजे रेषा ७ लाख ८७ हजार ५०० वर. एस्टिमेट तिच्या जेमतेम वर!

हाच खड्डा पहिल्या वर्षात लागला असता तर आयडीव्ही निदान पावणेतेरा लाख असता, रेषा साडेनऊ लाखांच्या वर, आणि गाडी मुकाट्याने दुरुस्त झाली असती. पाचव्या वर्षी रेषा येते साधारण ५ लाख ६२ हजारांवर, म्हणजे तेव्हा नुसता पॅक बदलायचा म्हटला तरी गाडी कागदावर मेलेलीच. पोचा तोच आणि खड्डाही तोच. गाडीची किंमत दरवर्षी खाली येते, पण पॅकचा छापील दर तिच्याबरोबर उतरत नाही.

आणि मामांच्या हातात काय आलं? कर्जाचे ९ लाख बाकी होते, ते बँकेने आधी वळते करून घेतले. उरले दीड लाखाच्याही आत. डाउन पेमेंट आणि २६ हप्ते मिळून त्यांनी साडेआठ लाख भरले होते. गाडी सव्वादोन वर्षं वापरली हे मान्य, पण दारात गाडी नाही आणि नवीन घ्यायला पैसेही नाहीत, हे काही हिशेबात बसत नाही.

कंपन्या पॅक उघडायला घाबरतात त्याला कारण आहे, हे मीही कबूल करतो. २२ जून २०२२ ला आपल्याच जिल्ह्यात, वसई पश्चिमेला एका नेक्सॉन ईव्हीने पेट घेतला होता. प्रकरण इतकं गाजलं की केंद्र सरकारने डीआरडीओची सीएफईईएस, बंगळूरची आयआयएससी आणि विशाखापट्टणमची नौदलाची प्रयोगशाळा यांना तपास करायला सांगितलं. आतल्या सेलला इजा झाली असेल तर ती लगेच दिसत नाही, आग नंतरही लागू शकते. त्यामुळे "बघू, चालतंय ना" हे इथे चालणार नाही.

पण म्हणून तपासायचंच नाही? पॅकमधला बीएमएस सेलच्या प्रत्येक गटाचं व्होल्टेज आणि ठिकठिकाणचं तापमान मोजत असतो. इन्सुलेशन रेझिस्टन्स मोजता येतो, कूलिंगच्या नळ्यांची प्रेशर टेस्ट होते, सीलची लीक टेस्ट होते. पॅक म्हणजे काही एकसंध दगड नव्हे, आत मोड्यूल्स असतात. आमच्याकडे सर्व्हर क्रॅश झाला की आधी लॉग बघतात. लॉग न बघता कुणी "सर्व्हर भंगारात काढा" म्हटलं, तर त्याचं अप्रेझल काय होईल हे तुम्हाला सांगायला नको :-)

दुसरा मुद्दा दराचा. ब्लूमबर्गएनईएफच्या पाहणीत २०२४ साली लिथियम पॅकची जगातली सरासरी किंमत किलोवॅट-अवरला ११५ डॉलर होती. मामांचा पॅक ३५ चा, म्हणजे साडेतीन लाखांच्या आतबाहेर. ही कारखान्यांना पडणारी घाऊक किंमत आहे, त्यावर कर, वाहतूक, साठवण, नफा सगळं येणार हे कळतं. तरी थेट दुप्पट?

हे फक्त आपल्याकडेच चाललंय असंही नाही. मार्च २०२३ मध्ये रॉयटर्सने सविस्तर बातमी दिली होती की किरकोळ मार लागलेल्या, कमी चाललेल्या इलेक्ट्रिक गाड्याही विमा कंपन्या मोडीत काढताहेत. आणि दोष एकट्या इलेक्ट्रिकचाही नाही. २०२२ च्या बंगळूरच्या पुरात बुडालेल्या पेट्रोलच्या एका पोलोला २२ लाखांचं एस्टिमेट आलं होतं, गाडी साधारण ११ लाखांची! 'दुरुस्त करू नका, बदला' ही सवय जुनीच आहे. इलेक्ट्रिकमध्ये बदलायचा भागच अर्ध्या गाडीच्या किमतीचा आहे, एवढंच.

मामा सगळं ऐकून एकच वाक्य बोलले. "अरे, आमच्याकडे मोटर जळाली तर आम्ही पंप फेकतो का? रिवाइंडिंगला पाठवतो." तारापूरमध्ये शेकडो कारखाने याच अकलेवर चालतात. उघडायचं, मोजायचं, मग ठरवायचं.

मला वाटतं नियम साधा हवा: पॅकचा तपासणी अहवाल असल्याशिवाय टोटल लॉस नाही, आणि मोड्यूलचे सुटे दर जाहीर करायचे. ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. मग बॅटरी पॅक त्याला अपवाद का?

ते होईल तेव्हा होईल. तोवर आज रविवार आहे, तर तुमची पॉलिसी काढून वाचा. साध्या पॉलिसीत घसाऱ्याच्या यादीत टायर आणि प्लास्टिकच्या ओळीतच 'बॅटरी' लिहिलंय, ५० टक्के. झिरो डेप आहे म्हणून निर्धास्त राहू नका, त्यात हाय व्होल्टेज पॅक आहे का ते लेखी विचारा. कर्ज असेल तर रिटर्न टू इन्व्हॉइसचा विचार करा. आणि आठ वर्षांच्या बॅटरी वॉरंटीवर विसंबू नका, अपघात तिच्यात येत नाही.

हे सगळं मी २०२३ मध्ये मामांना सांगायला हवं होतं. मी रेंज, चार्जिंग आणि पर किलोमीटर खर्चाची एक्सेल शीट करून दिली होती, विम्याचा कॉलमच नव्हता. मामा त्याबद्दल मला एका शब्दाने बोलले नाहीत. सध्या लोकलने बोईसरला जातात.